शिक्षकाचे शिक्षण आणि वर्गाची सामग्री

पेशवाई संपुष्टात आली त्या काळी मराठी मुलुखात गावोगावी ज्या शाळा चालत, त्यांतील पंतोजीजवळ धूळपाटी, मोडीचे कित्ते आणि मुखोद्गत असलेले पाढे यांखेरीज अध्यापनाची अन्य सामग्री नसे. आणि तो स्वतः ज्या रीतीने शिकला त्याच रीतीने इतरांस शिकवीत असल्यामुळे, शिकविण्याची विद्या ही शिकण्याहून निराळी, स्वतंत्र अभ्यासाने संपादावयाची अशी काही विद्या आहे, ही कल्पना त्या समाजास अपरिचित होती. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून बाजारातला हिशेब क्षणार्धात करणारे विद्यार्थी त्या शाळांनी तयार केले, हे त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु हिशेबाचा आकडा तोच का यावा, असा प्रश्न विचारण्यास तेथे अवसर नव्हता, आणि ज्याला पाठांतर साधत नसे त्या मुलासाठी छडीव्यतिरिक्त दुसरा उपाय पंतोजीच्या संग्रही क्वचितच असे.

हा दुसरा उपाय शोधण्याची जी खटपट पुढील दोन शतकांत झाली, तिचाच इतिहास म्हणजे शिक्षकांच्या शिक्षणाचा इतिहास होय. तो वाचीत असता एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. शिक्षक घडविण्याचे काम आणि वर्गासाठी पुस्तके व साधने निर्मिण्याचे काम ही दोन्ही ज्या ज्या वेळी एकाच हातात राहिली, त्या त्या वेळी शाळेत जीव आला. आणि ज्या ज्या वेळी ती वेगवेगळ्या दप्तरांत विभागली गेली, त्या त्या वेळी प्रशिक्षण कोरडे झाले व साधने कपाटात पडून राहिली. या प्रकरणात प्रामुख्याने याच गोष्टीची फोड करावयाची आहे.

अव्वल इंग्रजीत, १८२२ साली मुंबईत ‘हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी’ स्थापन झाली, तेव्हा शाळा चालविणे आणि शाळांसाठी पुस्तके सिद्ध करणे ही दोन्ही कामे तिने आपल्याकडेच घेतली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे पेशाने इंजिनिअर. शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली, आणि ती पुस्तके शिकवू शकतील असे मास्तरही त्यांच्याच देखरेखीखाली तयार होऊन मराठी व गुजराती प्रांतांतील शाळांवर रवाना झाले. पुस्तक लिहिताना ज्या अडचणी आल्या त्या मास्तर तयार करताना उपयोगी पडाव्यात, आणि मास्तरांना जेथे अडले तेथे पुस्तक सुधारावे, असा हा दुहेरी व्यवहार होता.

बाळशास्त्री जांभेकरांच्या चरित्रातही हेच दिसते. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे म्हणून आपण त्यांचे स्मरण करतो. परंतु भूगोल, व्याकरण, नीतिकथा आणि थेट कलनगणित एवढ्या विषयांवर मराठीत शालोपयोगी पुस्तके लिहिणारा हा विद्वान १८४५ मध्ये मुंबईच्या नॉर्मल वर्गाचा, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचा, प्रमुख झाला, ही गोष्ट सामान्यतः विस्मृतीत जाते. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्यांचा अंत झाला. तथापि पुस्तककर्ता व शिक्षकांचा शिक्षक या दोन भूमिका एकाच व्यक्तीत एकवटण्याचा पायंडा त्यांनी घालून दिला होता.

तो पायंडा पुण्यास अधिक विस्ताराने पुढे चालला. तेथील ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचा ‘मराठी शालापत्रक’ या मासिकाशी निकटचा संबंध होता. १८६१ साली सुरू झालेले हे पत्र मुख्यत्वे खेड्यापाड्यांतल्या मास्तरांसाठी होते. ज्याच्या गावात दुसरे छापील अक्षर क्वचितच पोहोचत असेल, अशा एकाकी शिक्षकास आपल्या विषयातील नवा विचार त्याच्या स्वभाषेत वाचावयास मिळावा, ही त्यामागील दृष्टी होती. पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी ते चालविले आणि १८७५ मध्ये सरकारी रोषामुळे ते बंद पडले. शिक्षकाला वाचक मानणारे आणि त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणारे ते पत्र होते, हे त्याचे खरे महत्त्व.

त्याच पुण्यात आणखी एक, अधिक क्रांतिकारक, घटना घडून गेली होती. ज्या समाजात स्त्रीने अक्षर गिरविणे हेच पाप समजले जाई, तेथे सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरास मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले. केवळ साक्षर होऊन त्या थांबल्या नाहीत, शिकविण्याचे शास्त्रही शिकल्या. यात सावित्रीबाईंची आणि त्यांचे पती जोतिराव फुले यांची दूरदृष्टी प्रकट होते. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतिरावांनी प्राथमिक शिक्षकांचा प्रश्न अग्रभागी ठेवला. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्य तो शेतकरी वर्गातून यावेत, प्रसंगी नांगराची मूठ धरता येईल आणि सुताराचे हत्यार चालविता येईल असे असावेत, आणि त्यांना पोटापुरते मानाचे वेतन मिळावे, असे त्यांचे मागणे होते. ज्याच्या हाताला कामाची सवय आहे तोच शिक्षक मुलांच्या जगाशी समरस होतो आणि त्या जगातल्या वस्तू शिक्षणाच्या कामी लावू शकतो, हे मर्म त्यांनी बहुतेक शिक्षणशास्त्रज्ञांच्या आधी ओळखले होते.

त्या मर्माची पूर्ण सिद्धी पाहावयाची तर विसाव्या शतकात ताराबाई मोडक यांच्याकडे वळावे लागते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापणाऱ्या ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीचा सखोल अभ्यास केला होता. परंतु त्या पद्धतीची घोटीव लाकडी उपकरणे श्रीमंत शहरी मुलांपुरतीच राहणार, हे ध्यानी येताच १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या यांतून मोजणे, वर्गीकरण करणे, लहानमोठे ओळखणे यांचे पाठ उभे केले. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी म्हणून अंगणवाडी निघाली, आणि गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. बालशिक्षिका तयार करण्याचे काम तेथेच, त्याच मुलांच्या सान्निध्यात चाले. शिक्षिका जे साधन सकाळी बनवी ते दुपारी मुलांच्या हाती पडे आणि उपयोगी ठरले नाही तर संध्याकाळी बदलले जाई. साधने स्वस्त होती म्हणून हा प्रयोग थोर ठरला असे नव्हे. साधन करणारी बुद्धी आणि शिकविणारा हात यांत तेथे अंतर नव्हते, म्हणून तो थोर ठरला.

स्वातंत्र्योत्तर काळात शिक्षणाचा विस्तार इतका झाला की असे अंतर पडणे काही अंशी अपरिहार्य होते. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. १९६४ मध्ये पुण्यास राज्य शिक्षण संस्था निघाली व १९८४ मध्ये तिचे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत रूपांतर झाले. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तकांसाठी ‘बालभारती’ स्थापन झाली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या, आणि पाठोपाठ खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक व त्यांत शक्य तो एक स्त्री, तसेच फळे, नकाशे, तक्ते, खेळणी आणि लहानसे ग्रंथालय देण्याचे ठरविले. या प्रत्येक संस्थेने मोठे कार्य केले. बालभारतीच्या पुस्तकांनी कित्येक पिढ्यांना गोड मराठी वाचावयास दिले, आणि परिषदेच्या ‘जीवन शिक्षण’ मासिकाने शालापत्रकाच्या उद्देशाची आठवण जागती ठेवली. परंतु पुस्तक एका कचेरीतून, प्रशिक्षण दुसरीतून, पृथ्वीगोल व तक्ते तिसरीच्या खरेदीतून आणि पैसा चौथ्या योजनेतून, अशी व्यवस्था झाल्यावर या चारही गोष्टी ज्याच्या वर्गात एकत्र यावयाच्या, त्या शिक्षकाचे मत घेण्याची जागा मात्र कोठेच उरली नाही.

सेवांतर्गत प्रशिक्षणाची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात हा दोष स्पष्ट दिसतो. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ मार्गदर्शक तयार करावयाचे, त्यांनी जिल्ह्याचे सुलभक तयार करावयाचे, त्यांनी तालुक्याचे, आणि तालुक्याच्या सुलभकांनी अखेर गावोगावच्या शिक्षकांना शिकवावयाचे, अशी ही उतरंड आहे. हजारो शाळांतील शिक्षकांपर्यंत अल्पावधीत पोहोचावयाचे तर हा मार्ग सोयीचा, यात शंका नाही. परंतु पहिल्या पायरीवर जी चर्चा झाली, जे प्रश्न निघाले, जे प्रात्यक्षिक फसले आणि ते का फसले याचा जो विचार झाला, तो सगळा प्रत्येक पायरीवर गळत जातो, आणि शेवटच्या शिक्षकाच्या हाती घडीपत्रिका व काही संज्ञा एवढेच उरते. शिवाय ही सारी वाहतूक एकाच दिशेने होते. सुलभकाने शिक्षकाला काय सांगावे हे ठरलेले असते. शिक्षकाने वर्गातले जे अनुभवले ते वरपर्यंत कोणी न्यावे, याची तजवीज नसते.

वास्तविक अध्यापनाचे खरे ज्ञान मुलांच्या चुकांत दडलेले असते, आणि त्या चुका फक्त वर्गशिक्षकासच दिसतात. एक साधे उदाहरण घेऊ. दुसरीच्या मुलास ४२ मधून १७ वजा करावयास सांगितले असता तो ३५ असे उत्तर लिहितो. हे उत्तर चूक म्हणून खोडून २५ लिहून देणे सोपे आहे. परंतु ते कसे आले हे पाहणाऱ्या शिक्षकास दिसते की, दोनांतून सात जात नाहीत म्हणून मुलाने सातांतून दोन वजा केले, आणि मग चारांतून एक. म्हणजे मुलाने विचार केला आहे. केवळ ‘मोठ्यातून लहान वजा करावे’ हा नियम त्याने भलत्या ठिकाणी लावला आहे. अशा वेळी शिक्षक दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलापुढे ठेवतो व त्यांतून सतरा काड्या मागतो. मूल दोन सुट्या मोजते, थबकते, आणि मग आपण होऊन एका गठ्ठ्याचा दोरा सोडते. सुट्या काड्या आता बारा झाल्या, गठ्ठे तीन राहिले. सात सुट्या व एक गठ्ठा दिल्यावर आपल्यापाशी दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरल्या, हे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. दशक सुटा करण्याची जी क्रिया फळ्यावर गूढ वाटत होती, ती त्याच्या बोटांनी केली. गणित पेटीतील मणी, दांडे व काड्या यांचे मोल एवढ्यासाठी आहे. परंतु मूल कोठे थबकले आणि तेथे त्याला किती वेळ द्यावा, हे पेटीत लिहिलेले नसते. ते शिक्षकाच्या नजरेत असावे लागते, आणि ती नजर व्याख्यानाने येत नाही, सहव्यवसायी शिक्षकाचा वर्ग पाहून व त्यावर मोकळेपणाने बोलून येते.

हीच गोष्ट भाषेची. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया, नंदुरबारकडील पावरी किंवा भिल्ली बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा प्रमाण मराठीचे पुस्तक त्याला परकेच वाटते. तेथे शिक्षकाने मुलांकडूनच त्यांचे शब्द गोळा करून, एका बाजूस घरचा व दुसऱ्या बाजूस मराठी शब्द अशी चित्रकार्डे केली, तर मूल आपल्या घरासह शाळेत आले असे होते. अशी सामग्री मुंबई-पुण्याच्या छापखान्यातून येणार नाही. त्या वाडीवरच ती तयार होणे प्राप्त आहे, आणि म्हणून तेथील शिक्षकास शब्दसंग्रह कसा करावा, कार्ड कसे आखावे, कोणता शब्द आधी घ्यावा, याचे शिक्षण मिळणेही तितकेच प्राप्त आहे.

शिक्षकांनी शिक्षकांकडून शिकावे हा विचार नवा नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडील जे. पी. नाईक होते, प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवेत किमान दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे अशी शिफारस केली आणि जवळपासच्या शाळांचे समूह करून त्यांनी परस्परांस साहाय्य करावे असे सुचविले. आपल्याकडील केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आणि दरमहा भरणारी शिक्षण परिषद ही याच विचाराची फळे होत. केंद्रप्रमुख स्वतः चांगला शिक्षक असला, परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी एक आदर्श पाठ घेतला गेला आणि त्यावर प्रामाणिक चर्चा झाली, तर त्या एका दुपारीत शिक्षक जे शिकतो ते आठवड्याच्या वर्गात शिकत नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी याचा प्रत्यय अलीकडच्या काळात दिला. जमिनीवर आखलेली रेखाटने, मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवरचे फळे, गटागटाने स्वतः शिकणारी मुले, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक तेथे गेले आणि परतून आपापल्या शाळेत त्यांनी तसे प्रयोग केले. ज्यांनी केवळ जमिनीवरच्या आकृत्या उचलल्या, त्यांच्या शाळेत त्या लवकरच पुसट झाल्या. ज्यांनी मागची विचारसरणी उचलली, त्यांनी आकृत्याही स्वतःच्या काढल्या.

यंत्रयुगाने सामग्रीचा प्रश्न एका दृष्टीने सोपा आणि दुसऱ्या दृष्टीने अवघड केला आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोड जोडून धड्यामागचे ध्वनी व चित्र मुलांपर्यंत नेले, आणि २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाल्यावर त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. एका खेड्यातल्या शिक्षकाची कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत जाते, म्हणजे जी वाहतूक वरून खालीच होते असे वर म्हटले ती खालून वरही होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. तथापि ‘दीक्षा’सारख्या ऑनलाइन व्यासपीठावर आज इतके पाठ, चित्रफिती व चाचण्या उपलब्ध आहेत की, आपल्या वर्गाला नेमके काय हवे हे निवडणे हीच मोठी विद्या झाली आहे. साधनांचे दुर्भिक्ष होते तेव्हा शिक्षकाला कल्पकता लागे. आता विपुलता आहे, तर त्याला विवेक लागतो, आणि दोन्हींसाठी त्याला विचार करण्यास वेळ लागतो.

तो वेळ कायद्याने मान्य केला आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरताना त्यांत पूर्वतयारीचे तास अंतर्भूत केले आहेत. आणि कलम २७ अन्वये जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाकडे देण्यास मनाई आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दरवर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. परंतु चार इयत्तांचे जोडवर्ग दोघांत वाटून घेणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत पोषण आहाराचा हिशेब, विविध माहितीचे तक्ते आणि ऑनलाइन नोंदी यांतून पूर्वतयारीचा तास हाती लागणे दुरापास्त होते, आणि टाचण ही विचाराची वही न राहता तपासणीची वही होते. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी व चोवीस वर्षांनी निवडश्रेणी यांच्याशी प्रशिक्षण जोडले, हे वेतनाच्या दृष्टीने उचितच आहे. पण शिक्षकाच्या जिज्ञासेस बारा वर्षे थांबता येत नाही.

पैशाचेही तसेच. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकास अध्यापन साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम अल्प, परंतु ती खर्च करण्याचा निर्णय शिक्षकाचा होता, आणि त्या लहानशा अधिकाराने त्याचा व्यावसायिक सन्मान राखला होता. पुढे हे अनुदान शाळेच्या एकत्रित अनुदानात विलीन झाले, तेव्हा तो अधिकारही क्षीण झाला. त्यातच जडसंग्रह नोंदवहीचा धाक असा की, मुलाच्या हातून पृथ्वीगोल फुटला तर जाब द्यावा लागेल, या भीतीने तो कुलपात राहतो. वापराने झिजलेले साहित्य हे शाळेचे भूषण आहे, नुकसान नव्हे, असे मानून त्याच्या निर्लेखनाचा अधिकार मुख्याध्यापकाकडे सुलभपणे असावा, आणि सादिलातून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, काड्या, मणी, कार्डपेपर, रंग यांसाठी ठरावीक रक्कम वर्गशिक्षकाच्या हाती थेट पडावी. या दोन साध्या सुधारणांनी अनेक बंद कपाटे उघडतील.

जांभेकरांपासून कोसबाडपर्यंतच्या परंपरेने दिलेला निर्णय निःसंदिग्ध आहे. शिक्षक हा दुसऱ्यांनी केलेली साधने वाटणारा कारकून नव्हे. तो साधने घडविणारा, पारखणारा आणि आपल्या अनुभवाने शास्त्रात भर घालणारा अभ्यासक आहे, आणि त्याच्या प्रशिक्षणाची व्यवस्था या श्रद्धेवरच उभी राहिली पाहिजे. या कामी वाचकांचाही वाटा आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि ग्रामीण शाळांना लोकवर्गणीने आजवर पुष्कळ दिले आहे. आपण अशा समितीवर असाल, तर शाळेसाठी काय विकत घेतले याची यादी मागण्यापूर्वी आपल्या गुरुजींना व बाईंना एवढे विचारा की, गेल्या महिन्यात मुलांच्या कोणत्या चुकीने तुम्हाला विचारात पाडले, आणि तिच्यावर उपाय करण्यास तुम्हाला काय हवे आहे. त्यांचे उत्तर ऐकून घ्या, ते ठरावात लिहा आणि तेवढी तरतूद करा.